वाळूची पारख : घर, गोठा आणि विहिरीच्या बांधकामासाठी



बियाणे घेताना आपण दाणा दाताखाली धरून पाहतो. बैल घेताना दात मोजतो, चालवून बघतो. पण बांधकामाची वाळू दारात आली की "टाक तिथं भिंतीकडेला" एवढे बोलून मोकळे होतो. घर काही दर वर्षी बांधायचे नसते. त्यात कष्टाचा पैसा जातो, कधी सोसायटीचे कर्जही असते. सिमेंटचे पोते नामांकित कंपनीचे आणि सळई वजन करून घेतली, तरी वाळू मातकट निघाली तर प्लास्टर फुगते, स्लॅब गळतो आणि चार-पाच वर्षांत सळईला गंज धरतो. म्हणून या पत्रकात वाळूचे प्रकार, कोणत्या कामाला कोणती वाळू आणि ती घरच्या घरी कशी तपासावी, एवढेच सांगितले आहे.

आपल्या भागातील वाळू

दौंड तालुक्यातील कासुर्डी, खामगाव, यवत, भांडगाव ही गावे पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेची. उत्तरेला मुळा-मुठा, पुढे भीमा, तिच्या पलीकडे शिरूर तालुका आणि त्याच्या कडेने घोड नदी. दक्षिणेला भुलेश्वरचा डोंगर. सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. हाच पाषाण ऊन-पावसाने फुटून, पुराबरोबर घासत-लोळत येतो आणि त्याची वाळू होते. म्हणून आपल्याकडची नदीची वाळू करड्या-काळपट रंगाची दिसते. रंग काळपट आहे म्हणून वाळू वाईट असे समजू नये. दोष असतो तो तिच्यातल्या मातीचा.

जुन्या काळी आपल्याकडे पांढरीच्या मातीची धाब्याची घरे असत. वाडा बांधायचा तर चुना आणि वाळू बैलाच्या घाणीत मळत. त्या कामात वाळू थोडी उणी-अधिक चालून जाई. सिमेंट आणि सळईच्या कामात तसे चालत नाही.

वाळू काय काम करते?

गाडीत नुसती कलिंगडे भरली तर मध्ये फटी राहतात. फटीत लिंबे टाकली तर फटी लहान होतात, वर ज्वारी ओतली तर त्याही भरतात. काँक्रीटचे तसेच आहे. खडीच्या फटी वाळू भरते, वाळूच्या फटी सिमेंट भरते. वाळूत जाड, मध्यम, बारीक असे सर्व दाणे असतील तर फटी कमी राहतात आणि सिमेंट कमी लागते. सगळी वाळू पिठासारखी बारीक असेल तर तिचे अंग वाढते. तितके अंग लेपायला सिमेंटही जास्त लागते आणि पाणीही. पाणी वाढले की वाळताना तडे जातात.

मातीचे दुखणे वेगळे आहे. दाण्यावर मातीचे पूट असेल तर सिमेंट त्या पुटाला चिकटते, दाण्याला चिकटत नाही. पूट सुटले की दाणा सुटला. बोटाने खरवडल्यावर भुसभुशीत गळणारे प्लास्टर आपण पाहतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

वाळूचे प्रकार

१. नदीची वाळू. पाण्याने घासलेली आणि धुतलेली. चांगल्या पात्रातली असेल तर सर्व कामांना उपयोगी. पण पात्राच्या काठची, गाळाच्या थराखालची वाळू मातकट असते. मुळा-मुठेतून पुणे शहराचे सांडपाणी येते. त्या पात्रातल्या वाळूत काळा, वास मारणारा गाळ असला तर ती धुतल्याशिवाय वापरू नये.

२. ओढ्या-नाल्याची वाळू. डोंगराकडून येणाऱ्या ओढ्यांत मिळते. फार लांब घासत आलेली नसल्याने दाणे टोकदार असतात, ही गोष्ट चांगली. परंतु मुरूम, माती आणि पालापाचोळा मिसळलेला असतो. चाळून, धुऊन घेतल्यास जोत्याच्या व बांधकामाच्या कामाला येते. स्लॅबला तपासल्याशिवाय घेऊ नये.

३. खड्ड्यातील वाळू. जुन्या नदीकाठी जमिनीखाली थर सापडतो, ती वाळू. हिच्यात माती बहुधा जास्त असते. चाळणे आणि धुणे आलेच.

४. खाडीची व समुद्राची रेती. ही कोकणातली. हिच्यात मीठ असते. मिठाने सळई गंजते आणि भिंतीला लोणा लागून पांढरे फुलते. आपल्या बाजूला ती सहसा येत नाही, पण स्वस्तात कोणी देऊ केलीच तर सळईच्या कामाला घेऊ नये.

५. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. वाघोली-लोणीकंद भागातील खडी क्रशरची आपल्याला माहिती आहेच. नदीची वाळू महाग आणि दुर्मिळ झाल्यापासून हिचाच वापर वाढला आहे. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीत यंत्राने तयार केलेल्या वाळूला रीतसर स्थान दिलेले आहे. तेव्हा "कृत्रिम वाळू म्हणजे नकली" हा समज काढून टाकावा.

मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. कच वेगळी आणि क्रश सँड वेगळी. खडी पाडताना खाली जो चुरा उरतो ती कच. तिच्यात चपट्या कपच्या आणि भुकटी फार. क्रश सँड मुद्दाम वेगळ्या यंत्रात दाणा गोलसर करून, भुकटी काढून किंवा धुऊन तयार करतात. दोन्हींचा रंग सारखा, भाव मात्र वेगळा. मूठभर घेऊन पाहावी : सुईसारख्या आणि चपट्या कपच्या जास्त दिसल्या तर ती कच समजावी. कच ही जोत्यातील भर, पेव्हर ब्लॉकखालचा थर अशा कामांना ठीक आहे.

कोणत्या कामाला कोणती वाळू?

स्लॅब, तुळई, खांब : जाड ते मध्यम, सर्व दाणे मिसळलेली, स्वच्छ वाळू. पावणेपाच मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडते ती वाळू, वर राहते ती बारीक खडी. पूर्वी सळईच्या कामाला १ सिमेंट, २ वाळू, ४ खडी असे प्रमाण सर्रास धरत. २००० सालच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या कामाला कमीत कमी एम-२० प्रतीचे काँक्रीट हवे. साध्या मापाने ते १ सिमेंट, दीड वाळू, ३ खडी असे बसते. अगदी बारीक वाळू या कामाला वापरू नये.

वीट व दगडाचे बांधकाम : मध्यम वाळू. विटेसाठी १ भाग सिमेंटला ६ भाग वाळू पुरते.

प्लास्टर : चाळलेली, बारीक ते मध्यम वाळू. आतून १ ला ६ आणि पावसाच्या माऱ्याच्या बाजूला बाहेरून १ ला ४. "गुळगुळीत येतं" म्हणून गवंडी अगदी पिठाळ वाळू मागतो, पण तशा वाळूच्या प्लास्टरला केसासारख्या चिरा पडतात. क्रश सँड वापरायची असेल तर प्लास्टरसाठी वेगळी बारीक धुतलेली मिळते, ती मागावी.

विहिरीचे बांधकाम व पाण्याची टाकी : स्वच्छ, मध्यम ते जाड वाळू. विहिरीला १ ला ४, टाकीच्या आतील प्लास्टरला १ ला ३. येथे मातकट वाळू मुळीच नको. पाणी सतत लागते तिथे मातीचे पूट लवकर सुटते.

गोठ्याचा कोबा : जाड वाळू. जनावराचा पाय घसरू नये म्हणून वरचा थर खरबरीत ठेवून त्यावर रेघा ओढाव्यात.

जोत्यातील भर : येथे चांगली वाळू घालणे म्हणजे पैसा मातीत घालणे. चांगला मुरूम थराथराने पाणी मारून धुमसावा.

काळ्या जमिनीतील पाया : काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पायाखाली वाळू टाकली की काम झाले असे पुष्कळजण मानतात. नुसत्या वाळूच्या थरात पाणी साचते आणि खालची माती आणखी फुगते. मुंबईच्या आय.आय.टी.चे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घ संशोधन करून न फुगणाऱ्या, थोडी चिकण असलेल्या मुरमासारख्या मातीच्या दाबलेल्या थराचा उपाय सांगितला. शक्य असेल तर पाया काळी माती ओलांडून पक्क्या मुरमापर्यंत न्यावा. खोली फारच असेल तर अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

घरच्या घरी चार तपासण्या

पहिली, हाताची. मूठभर ओली वाळू तळहातावर चोळून टाकून द्यावी. हात नुसता ओला राहिला तर ठीक. हाताला चिखलाचा डाग राहिला तर वाळूत माती आहे.

दुसरी, डोळ्याची आणि नाकाची. शिंपले, कोळसा, मुळ्या, पाला, चमकणारे पातळ पापुद्रे दिसतात काय ते पाहावे. कुजका वास आला तर ती वाळू धुतल्याशिवाय घेऊ नये.

तिसरी, बरणीची. ही सर्वांत उपयोगी. सरळ उभ्या कडांची काचेची बरणी घ्यावी. अर्धा लिटर पाण्यात एक लहान चमचा मीठ विरघळवावे. बरणीत आधी थोडे पाणी, मग अर्ध्यापर्यंत वाळू आणि वर पुन्हा पाणी घालावे. झाकण लावून जोराने हलवावे आणि सपाट जागी तीन तास ठेवावे. खाली वाळू बसते, तिच्यावर गाळाचा थर बसतो. दोन्ही थर पट्टीने मोजावेत. वाळू १०० मिलिमीटर असेल तर गाळ ८ मिलिमीटरपर्यंत चालतो. त्याहून जास्त असेल तर वाळू धुऊन घ्यावी किंवा परत पाठवावी. क्रश सँडला हा नियम जसाच्या तसा लावू नये. तिच्यातली भुकटी दगडाची असते, मातीची नव्हे. मानकाने वजनाच्या शेकडा १५ पर्यंत ती चालवून घेतली आहे, तर नैसर्गिक वाळूतील अतिबारीक गाळाला शेकडा ३ चीच मर्यादा आहे. क्रश सँडमध्ये पिवळसर, बुळबुळीत थर बसला तर मात्र ती माती समजावी.

चौथी, फुगवट्याची. हिची गरज पुढील हिशोबासाठी आहे.

ओली वाळू आणि ब्रासचा हिशोब

वाळू ब्रासवर विकतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि वाळूची उंची फुटात मोजून गुणावी आणि १०० ने भागावे. लांबी १० फूट, रुंदी ६ फूट, उंची दीड फूट असेल तर ९० घनफूट, म्हणजे ०.९ ब्रास. ही वाळू एक ब्रास म्हणून पदरात घेऊ नये.

खरी मेख पुढे आहे. थोडी ओलसर वाळू फुगते. दाण्याभोवती पाण्याचे पातळ पूट बसते आणि दाणे एकमेकांपासून दूर राहतात. शेकडा ५ ते ८ ओल असेल तर वाळूचे माप २० ते ३० टक्क्यांनी, बारीक वाळूचे त्याहूनही जास्त वाढते. गंमत अशी की पूर्ण पाण्यात बुडालेली वाळू पुन्हा कोरड्या वाळूइतकीच जागा घेते.

यावरच तपासणी बेतलेली आहे. सरळ कडांच्या डब्यात ओलसर वाळू सैल भरावी, दाबू नये. समजा उंची २० सेंटिमीटर भरली. वाळू बाहेर काढून डबा अर्धा पाण्याने भरावा, वाळू परत त्यात सोडून ढवळावी. आता उंची १६ सेंटिमीटर झाली, तर ४ सेंटिमीटर हा फुगवटा होता. १६ वर ४ म्हणजे २५ टक्के. अशा वाळूचा ब्रास घेतला तर पदरात खरी वाळू ८० घनफूटच पडली.

बांधकामावरही याचा परिणाम होतो. १ ला ६ चा माल कालवताना अशी ओलसर वाळू ६ पेट्या घातली, तर खरी वाळू ५ पेट्यांहून कमी जाते आणि सिमेंट अंदाजापेक्षा लवकर संपते. २५ टक्के फुगवटा असेल तर ६ ऐवजी साडेसात पेट्या घ्याव्यात. माप घमेल्याने धरू नये, कारण कोणी शिगोशीग भरतो, कोणी उणे. ३५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि ४० उंच अशी लाकडी किंवा पत्र्याची पेटी करून घ्यावी. तिच्यात ३५ लिटर माल बसतो, म्हणजे सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्याचे माप.

ओल्या वाळूबरोबर पाणीही येते. एम-२० च्या काँक्रीटला एका पोत्यामागे वाळूतील ओल धरून ३० लिटरपेक्षा जास्त पाणी घालू नये. "माल पातळ असला की लवकर पसरतो" हे खरे, पण तो तितकाच कमजोरही होतो.

गूळ, खत आणि खारे पाणी

आपल्या भागात गुऱ्हाळे पुष्कळ. गूळ, काकवी किंवा साखर सिमेंटची वैरी आहे. ५० किलोच्या पोत्यात ५० ग्रॅम साखर गेली तरी सिमेंट धरायला फार वेळ लागतो. म्हणून गुऱ्हाळाच्या ओट्यावर माल कालवू नये. काकवीचे पिंप पाण्यासाठी वापरू नये.

तसेच खताची पोती ठेवलेल्या जागी वाळू टाकू नये. पोटॅश खतातील क्लोराइडने सळई गंजते आणि अमोनियाची खते काँक्रीट पोखरतात. खताची वाहतूक झालेली ट्रॉली आधी धुऊन घ्यावी. उसाच्या पट्ट्यात काही विहिरींचे पाणी मचूळ झाले आहे. ते पाणी वाळू धुण्यालाही आणि काँक्रीटलाही नको. पिण्यास गोड लागते ते पाणी वापरावे.

वाळू कठीण, किंचित उताराच्या जागी, पत्र्यावर किंवा विटांच्या थरावर साठवावी. शेळ्या-कुत्र्यांपासून जपावी आणि वर ताडपत्री घालावी. पावसाळ्यात नदीतून वाळूउपसा बंद असतो, म्हणून बांधकामाची वाळू आधीच आणून ठेवलेली बरी.

नदीची वाळू आणि आपली विहीर

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पात्रातली वाळू म्हणजे नुसता विकाऊ माल नव्हे, ती पाण्याची कोठी आहे. वाळूच्या थरात साधारण तिसरा हिस्सा पोकळी असते. म्हणजे पात्रातल्या १ ब्रास वाळूत सुमारे ९०० लिटर पाणी मावते. पूर ओसरल्यावर हे पाणी हळूहळू काठच्या विहिरींना पाझरते. वाळू खरवडून खाली खडक उघडा पडला की पूर आला तसा वाहून जातो आणि मार्च-एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो. काठ ढासळतो तो वेगळाच, आणि त्याबरोबर बांधाकडची जमीनही जाते. भीमा आणि घोडच्या काठच्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणून ओढा आपल्या बांधाला लागून असला तरी त्यातली वाळू आपली होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे गौण खनिजावर शासनाचा हक्क आहे. विनापरवाना वाळू काढली तर मोठा दंड होतो आणि वाहन जप्त होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली लहान क्षेत्रातील उपशालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. शासनाने २०२३ साली डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले होते. २०२५ सालच्या धोरणाने ती पद्धत बदलून पुन्हा लिलाव आणले, घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद केली आणि क्रश सँडला उत्तेजन दिले. आपले नाव घरकुल यादीत असेल तर वाळू विकत घेण्याआधी तलाठी कार्यालयात, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, जरूर चौकशी करावी. विकत घेताना वाहतुकीचा परवाना आणि पावती पाहावी. रात्री-अपरात्री, पावतीशिवाय आलेली वाळू स्वस्त वाटते, पण तिची खरी किंमत आपली विहीर मोजते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : नदीची वाळू आणि क्रश सँड मिसळून चालेल का?
उत्तर : चालेल. दोन्ही स्वच्छ असाव्यात आणि मिश्रण प्रत्येक घाण्याला मोजून, एकाच प्रमाणात करावे. क्रश सँडचा माल थोडा राठ वाटतो, म्हणून गवंडी पाणी वाढवतो, तेवढे होऊ देऊ नये.

प्रश्न : वाळू मातकट निघाली, ट्रॉली तर रिकामी झाली. आता?
उत्तर : चाळून, उतरत्या फरशीवर पाण्याच्या धारेखाली फावड्याने परतत धुवावी. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवून पुन्हा बरणीची तपासणी करावी. गाळाचे पाणी शेताकडे सोडावे. इतके करूनही गाळ उरला तर ती वाळू फरशीखालच्या भरीला वापरावी, स्लॅबला नको.

प्रश्न : मातकट वाळूत सिमेंट जास्त घातले तर भागेल का?
उत्तर : नाही. पूट दाण्यावर असते. सिमेंट वाढवून ते निघत नाही, खर्च मात्र वाढतो.

थोडक्यात सांगायचे तर ट्रॉली रिकामी करण्याआधी वाळू हातावर चोळावी, ट्रॉली टेपने मोजावी आणि पावती मागावी. आदल्या दिवशी नमुना आणून बरणीची तपासणी केली तर फारच उत्तम. एक बरणी, चमचाभर मीठ आणि तीन तास, एवढाच याचा खर्च आहे. हे पत्रक गवंड्यालाही वाचून दाखवावे आणि माल कालवताना घरचे एक माणूस पेटीजवळ उभे राहावे.